बियाण्याचा भोपळा

हे कोणाला खरं वाटणार नाही, म्हणून मी सहसा सांगत नाही. पंच्याण्णव साली आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर जो दुधी भोपळा धरला होता, तो खाली उतरवायला दोन गडी आणि एक शिडी लागली असती. हायवेनं सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून मान काढून त्याच्याकडे बघायची. भिगवणचा एक मास्तर तर सायकल उभी करून, तुमचं मेंढरू पत्र्यावर चढलंय म्हणून सांगायला वस्तीपर्यंत आला होता. बरं, मास्तर सोडा. शिडीही सोडा. पण दोन गडी लागलेच असते.

हा भोपळा खायचा नव्हता, बियाण्याचा होता. द्वारकाबाई, म्हणजे माझी बायको, दरसाल फाल्गुनात विहिरीच्या पाण्यावर त्याचा वेल लावते. पहिलं चांगलं फळ हेरून देठाला लाल चिंधी बांधते. त्यानंतर त्या फळाला घरातल्या कोणी बोट लावायचं नाही. उन्हाळाभर आणि पावसाळाभर ते वेलावर वाळतं, टणक होतं आणि भादव्यात गौरी जेवल्या की फोडायचं. बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. हे बी माझ्या आजीचं. आमची माणसं मेंढरांमागं फिरायची तेव्हा आठ महिने ना दार ना चूल. आजी बी चंचीत बांधून कमरेला खोचायची आणि पावसाळ्यात जिथं पाल पडेल तिथं दाराशी टोचायची. पुढं धरणाच्या पाण्यात जुनं गाव जायला लागलं, तेव्हा आईनं आधी बियाचं मडकं बाहेर काढलं आणि मग मला हाक मारली. हेसुद्धा तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हे खरं आहे.

या बियाचा एक कायदा आहे. सासूनं ते सुनेच्या ओटीत घालायचं. लेकीला द्यायचं नाही. आणि ज्या बाईच्या हाती बी, तिच्या हाती परस. दोडका कधी तोडायचा, कोणाच्या घरी घेवडा पाठवायचा, कोणत्या वाफ्यात काय लावायचं, सगळं तिनं ठरवायचं.

त्या साली द्वारकाबाईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. नागपंचमीला तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की यंदा गौरी जेवल्या की भोपळा फोडायचा आणि बी विजयमालेच्या ओटीत घालायचं. विजयमाला आमची थोरली सून, दादासाहेबाची बायको. चौदा वर्षं तिनं परसाच्या तीन गुंठ्यांना विहिरीवरून पाणी घातलं, पण चार भेंड्या तोडायच्या तरी "आत्याबाई, तोडू का" म्हणून विचारून. त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती गुणगुणत होती. चौदा वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तिला गळा नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

तर गौरीजेवणाचा दिवस. घरात गौरी उभ्या होत्या, नव्या लुगड्यात, मुखवट्यांवर हळद. त्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो, आणि सोळाच्या सोळा आपल्या परसातल्या, बाजारची एकही नाही, असा द्वारकाबाईचा चाळीस वर्षांचा हट्ट. कुंपणाजवळ उलट्या घमेल्यावर बसून ती हुकूम सोडत होती. विजयमाला वाफ्यात वाकून तोडत होती. धाकटी सून रतन, आबासाहेबाची बायको, आदल्या दिवशीच वालचंदनगरच्या क्वार्टरमधून आलेली, टोपली धरून मागं मागं. माझी लेक नकोशी इंदापूरच्या पलीकडून, सासरहून आली होती. ती ओट्यावर चवळीच्या शेंगा निवडत होती. दोडका झाला, पडवळ झालं, कारलं, गवार, अळू, अंबाडी, लाल माठ. पंधरापर्यंत गाडी नीट आली आणि तिथं अडली. भोपळ्याचा कोवळा पाला निराळी भाजी धरायची की नाही यावर बायकांत अर्धा तास गेला. रतननं सुचवलं, की भिगवणच्या बाजारातून एक काकडी आणली तर गौरींना काय कळतंय. त्यावर द्वारकाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की रतननं टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

मी लिंबाखाली बाजेवर होतो. सकाळी एक कप चहा मिळाला होता. गौरी जेवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. पोटात कावळे ओरडत होते आणि परसात बायका.

शेवटी पाला धरायचा ठरला आणि विजयमाला तो खुडायला गोठ्यामागं गेली. ती तिथं किती वेळ उभी राहिली, हे तिनंच मला पुढं सांगितलं. पत्र्यावर वेल होता, देठ होता, देठाला लाल चिंधी होती. भोपळा नव्हता. तिनं पत्र्याखाली पाहिलं, गव्हाणीत पाहिलं, उकिरड्यात पाहिलं. पहिल्यांदा तिला वाटलं, आत्याबाईंनीच काढून लपवून ठेवला. बी द्यायचं मन राहिलं नसेल. म्हणजे चौदा वर्षांनंतर बाईला सासूबद्दल पहिली शंका आली ती ही. मग ती पुढं आली, पदराला हात पुसत राहिली, हात ओले नसताना.

"आत्याबाई, भोपळा न्हाय," ती म्हणाली.

द्वारकाबाई गुडघ्यांना न विचारता उठली.

आता तुम्हाला सांगून टाकतो, कारण तुम्ही घरातले नाही. भोपळा मी कापला होता. आदल्या दिवशी दुपारी बायका तांब्या घेऊन विहिरीवर गौरी आणायला गेल्या, तेव्हा गव्हाणीवर चढलो, विळा लावला आणि भोपळा नकोशीच्या पिशवीत, तिच्या लुगड्याखाली घातला. दोन गडी लागले नाहीत. खरं म्हणजे पिशवीचा बंदसुद्धा ताणला नाही.

का, ते ऐका. नकोशी आमची तिसरी मुलगी. आधीच्या दोघी वाचल्या नाहीत, आणि ही झाली तेव्हा तिचं नाव मी ठेवलं. तीस वर्षं मी ते नाव हाक मारताना वापरतोय. दर दिवाळीला ती आईकडं त्या बियाचे चार दाणे मागायची. आई तिला मिरचीचं बी द्यायची, दोडक्याचं द्यायची, घेवड्याची पुरचुंडी बांधून द्यायची, पण ते नाही. या खेपेला आल्या आल्या तिनं पत्र्याकडं पाहिलं आणि काही मागितलं नाही. ते मला जड गेलं. मी हिशेब असा केला, की मडक्यात गेल्या सालचं बी असेलच. सुनेला ते मिळेल, लेकीला हे मिळेल आणि भोपळ्याचा आळ एखाद्या जनावरावर जाईल. जनावर काही बोलायला येत नाही.

त्या मडक्यातल्या बियाला मुंग्या लागून पावसाळ्याआधीच ते पोकळ झालं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. परसातली कोणतीच गोष्ट मला कोणी सांगत नाही, कारण मी ती हॉटेलवर वाढवून सांगतो. ते मला समजलं ते द्वारकाबाई तुटका देठ हातात धरून म्हणाली तेव्हा, की आजीचं बी एवढ्या एका फळात उरलं होतं.

तेव्हाच खरं बोलायला पाहिजे होतं. मी बाजेवरून उठून सांगितलं, की रात्री साळिंदर आलं होतं.

साळिंदर म्हटल्यावर बायका गप्प झाल्या, आणि बायका गप्प झाल्या की मला चेव येतो. मी त्याचं वर्णन केलं. कालवडीएवढं होतं. काटे असे की गोठ्याच्या भिंतीला घासले तर पत्रा वाजल्यासारखा आवाज. पुढच्या दोन पायांनी भोपळा ढकलत ढकलत कवाडातून बाहेर गेलं. रतनला ते पटलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. द्वारकाबाई देठ नखानं चाचपत होती. तिनं विचारलं, की दातानं तोडलेला देठ असा सरळ कापल्यासारखा कसा. म्हातारं साळिंदर होतं, मी म्हणालो, दात झिजून धार आलेली असते त्यांना.

आणि इथं माझं पाऊल शेणात गेलं. कवाडातून, असं मी म्हणून गेलो होतो. परसाचं कवाड रोज संध्याकाळी विजयमाला लावते.

द्वारकाबाईचा आवाज कधी चढत नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ज्या हाताला कवाड लावायचं सुदरत न्हाय," ती म्हणाली, "त्या हातात मी परस देनार हुते."

विजयमालेनं एवढंच सांगितलं, की तिनं कवाड लावलं होतं, वर दगडही लावला होता. पुन्हा तेच सांगितलं. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला माझ्या साळिंदराचा राग आला.

मग मी ती चूक दुरुस्त केली. वैतागलेला माणूस दुरुस्ती करतो तशी केली. म्हणालो, कवाड लावलेलंच होतं, मी नीट आठवून सांगतो, ते साळिंदर कुंपणाच्या भगदाडातून आलं. कुंपणाला भगदाड होतंच. आदल्या दिवशी आबासाहेबानं आपली एम-एटी गाडी वळवताना बाभळीच्या काट्या मोडून ते पाडलं होतं, आणि उद्या बुजवतो म्हणून तो झोपला होता.

आता रतन पेटली. तिचं म्हणणं मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात नव्हतं. चार महिन्यांनी एकदा यायचं, आल्याबरोबर घरभर झाडायचं, आणि भोपळा गेला तर आळ तिच्याच नवऱ्याच्या गाडीवर. दादाभावजींची बैलं रोज तेच कुंपण खातात, ते कोणाला दिसत नाही. क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि डालड्याच्या डब्यात एक तुळस, एवढंच तिच्या नशिबी. चार बिया मागायच्या तिच्या मनात होत्या, त्याही आता नकोत. इतक्यात डेअरीत दूध घालून दादासाहेब परतला, मोकळ्या किटल्या सायकलला खडखडत. रतननं बैलांचं नाव घेतलेलं त्यानं ऐकलं. आबासाहेब आतून बनियनवर बाहेर आला. दोघे भाऊ भगदाडाशी उभे राहून त्याची रुंदी मापू लागले, गाडीची की बैलाची. माझ्या साळिंदराला ते भगदाड पुरेल का, हे मात्र कोणीच पाहिलं नाही.

सूर्य डोक्यावर आला. आत गौरी उपाशी, बाहेर आम्ही. टोपलीतलं अळू मान टाकायला लागलं. मी म्हणालो, आधी नैवेद्य तर दाखवा, भोपळ्याचं नंतर बघू. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला या घरात फक्त खोटं बोलला तरच ऐकून घेतात.

एवढा वेळ नकोशी ओट्यावरच होती. शेंगा निवडून संपल्या होत्या आणि ती निवडलेल्या पुन्हा निवडत होती. पिशवीत काय आहे ते तिला रात्रीच समजलं होतं, लुगडं काढताना. तिनं लुगडं परत वर ठेवलं, बंद आवळला आणि पिशवी उशाला घेऊन झोपली. तिच्या घरापुढं पाट वाहतो, त्याच्या कडेला तिनं दोन हात खोल आळं खणून, शेणखत भरून ठेवलं होतं. तीन वर्षं ते आळं ती रिकामं ठेवत होती. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, तिच्या नवऱ्यानं सांगितलं, तोही हसत.

रतनचा राग नवऱ्यावरून दिरावर आणि दिरावरून फिरत फिरत ओट्यापाशी आला. रात्री रतन आणि नकोशीनं अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं होतं, की दोघी मिळून सासूकडं बी मागू. थोरलीला सगळं जाऊ द्यायचं नाही. आता रतननं ती दोस्ती मोडली.

"वन्सं, दरवर्साला बी मागायच्या ते तुमीच न्हवं?" ती म्हणाली. "यंदा न मागताच बऱ्या बसलाय."

विजयमालेनं मान वर करून नणंदेकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच दोघी जावा एका बाजूला झाल्या होत्या, आणि त्या बाजूच्या समोर माझी लेक एकटी. द्वारकाबाईही तिकडंच बघत होती. आईची नजर मी ओळखतो. तिनं मनात पिशवीचा बंद सोडायला घेतला होता.

मग मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. लेकीला वाचवायचं तर आता लहान साळिंदर चालणार नव्हतं.

मी सांगितलं, की मी स्वतः त्याच्या मागं गेलो होतो. हो, पहाटे, कंदील घेऊन. वाफ्यातून, उसातून, थेट धरणाच्या पाण्यापर्यंत. तिथं काठावर ते थांबलं, माझ्याकडं वळून बघितलं, भोपळा पाण्यात ढकलला, त्यावर छाती टेकली आणि पोहायला शिकणाऱ्या पोरासारखे पाय मारत निघालं. पाण्यात बेटावर लांब तंगड्यांचे गुलाबी पक्षी उभे असतात, ते बाजूला झाले. त्यांनी त्याला वाट दिली. मी काठीनं पाण्यावर मारलं, हाका मारल्या, पण ते गेलं पलीकडं, करमाळ्याच्या अंगाला. आता ते बी पलीकडं उगवेल. कोणाचा काही दोष नाही. ना कवाडाचा, ना गाडीचा, ना बैलाचा.

आबासाहेबाला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. दादासाहेब कपाळावर हात मारून म्हणाला, की तात्या, तुमच्या गुडघ्यानं तुम्ही मोरीपर्यंत जाता तेव्हा दोनदा बसता. तरी मी सोडलं नाही. एवढं पुढं आल्यावर माणूस परत कसा फिरणार.

द्वारकाबाई हसली नाही. ती माझ्याजवळ आली, बाजेवर टेकली. चाळीस वर्षांत तिनं माझ्या हजार गोष्टी ऐकल्यात आणि बहुतेकींना मान हलवली आहे. मला वाटलं, हीही गेली पोटात. तिनं देठ बाजेवर ठेवला.

"गेलं म्हनता पलीकडं," ती म्हणाली. "मग बी संपलं. दादासाहेब, उद्या परसात नांगर घाल. तुला घासाला जागा पायजेच हुती."

दादासाहेबाला ती जागा दोन वर्षांपासून हवी होती, गायींच्या घासासाठी. तो किटलीचं झाकण लावून काढून बघू लागला. मी म्हणालो, एका भोपळ्यासाठी सगळा परस कोणी मोडतं का. द्वारकाबाई म्हणाली, की ज्या परसात आजीचं बी नाही तो नुसता भाजीचा वाफा, आणि भाजी भिगवणला मिळते. हे तिनं रतनकडं बघून म्हटलं नाही. ती कोणाकडंच बघत नव्हती.

विजयमाला खाली बसली. वाफ्याच्या कडेलाच, चिखलात, नवं लुगडं असताना. ती रडली नाही. समोरच्या वांग्याच्या झाडाला किडकं पान होतं, ते तिनं खुडलं आणि सवयीनं मान वर करून विचारलं, "आत्याबाई, काढू का हे?" आणि मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, पान मुठीत धरून तशीच बसून राहिली.

मी चौथी गोष्ट सुरू केली. साळिंदर परत येतात, मी म्हणालो, जिथं एकदा खाल्लं तिथं येतात, आणि मी आज काठावर बसून...

ओट्यावरून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. नकोशी आत गेली. गौरींपुढून आत जाताना ती थांबली, असं रतननं नंतर सांगितलं. हात जोडले नाहीत, नुसती थांबली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती, आणि ती पिशवी तिनं पोटाशी धरली होती, दोन्ही हातांनी. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. पुष्कळ खुणावलं. ती माझ्या बाजेशी आली, सगळ्यांसमोर, आणि माझं वाक्य मला पुरं करू दिलं नाही.

"तात्या, खोटं बोलताय तुमी," ती म्हणाली. "साळिंदर न्हाय आन काय न्हाय. भोपळा तुमी कापला आन माझ्या पिशवीत घातला. आन मी कालपासनं गप ऱ्हायले, कारन मला तो पायजे हुता. वैनी, उठा. धरा हा."